गुऱ्हाळावरचे आप्पा

गरम गुळाचा वास आला की मला आजही चीड येते. आमच्या मराठी साइटवर कथा लिहिणारे एक आप्पा अचानक गप्प झाले, तेव्हा पुण्यापासून अमेरिकेपर्यंतच्या वाचकांनी काळजीनं पानंच्या पानं भरली. आप्पा कासुर्डीच्या गुऱ्हाळावर असतात एवढंच सगळ्यांना ठाऊक, म्हणून 'तुम्ही यवतचे, तुम्हीच बघून या' असं म्हणत मला पिटाळलं. काळजी त्यांची, ऊन आणि पेट्रोल माझं. चार गुऱ्हाळं पालथी घातल्यावर पाचव्यावर आप्पा सापडले, धडधाकट, उकळत्या रसावरची मळी काढत. मी वैतागून म्हणालो, "अहो, लोक तिकडं देव पाण्यात ठेवून बसलेत." "ठावं हाय," ते शांतपणे म्हणाले, "रोज यवतला नेट कॅफेत जाऊन वाचतोय की. लिवत व्हतो तवा दोघंतिघं बोलायची. आता बघा. मी बरा हाय एवढं मातर सांगू नका." मी रागारागानं त्याच संध्याकाळी साइटवर लिहिलं, आप्पा ठणठणीत आहेत. सगळ्यांनी हुश्श केलं आणि दुसऱ्या दिवसापासून काळजीची ती पानं ओस पडली. आप्पांनी पुढे एक ओळ लिहिली नाही. त्या बोलणाऱ्या दोघातिघांत मीही कधी नव्हतो, हे आता कुठं कबूल करतोय.