दोन मागांवरचं गाणं

आम्हा दोघांचं गाणं ऐकून लोक विचारायचे, शिकलात कुठे? बेळगावच्या शहापुरात, खड्ड्यात बसून, असं खरं सांगितलं की त्यांना वाटायचं आम्ही चेष्टा करतोय. पण माग चालवायचा म्हणजे खड्ड्यात पाय सोडूनच बसायचं असतं. माझ्या दोस्ताचं आणि माझं घर भिंतीला भिंत लागून. दोन्ही घरांचे माग एकाच लांब सोप्यात होते, आणि आम्ही शाळा सोडली (की शाळेने आम्हाला, यावर दोन्ही घरांत वेगळी मतं होती) ते थेट शेजारशेजारच्या खड्ड्यांत उतरलो.

मागाला हात लागतात, पाय लागतात, तोंड मात्र रिकामं राहतं. त्याचं तोंड रिकामं राहिलं की तो माझी टिंगल करायचा, म्हणून मी गायला लागलो. मग तोही. तो माझ्यापेक्षा चांगला गातो हे त्याला लगेच कळलं, मला जरा उशिराने.

अडचण एकच होती. ताण्यातला धागा तुटला की माग थांबवायचा, तुटलेलं टोक ओठांत धरायचं आणि मग गाठ मारायची. ओठांत धागा धरून कुणाला गाता येत नाही. त्यामुळे ज्याचा धागा तुटला तो ओळीच्या मध्येच गप्प व्हायचा, दुसरा ती ओळ उचलून पुढे न्यायचा, आणि गाठ बसली की पहिला परत सामील. यात कलाबिला काही नव्हती. गाणं बंद पडलं तर माग थांबले की काय म्हणून त्याचे आप्पा बघायला यायचे, आणि ते आलेले आम्हाला नको असायचे.

पण अशी शिकलेली गाणी खोड घेऊन येतात. शिकताना ज्या शब्दावर धागा तुटला, त्या शब्दावर गाणं कायमचं तुटलं. पुढे आम्ही मागावरून उठून पेटी-तबला घेऊन बसायला लागलो, मी पेटीवर, तो तबल्यावर, तरी त्या जागी त्याचा आवाज बंद व्हायचाच आणि तिथून मी पुढे जायचोच. खोड काढायला आम्ही जंग जंग पछाडलं. ती गेली नाही.

आमचं नशीब असं की लोकांना नेमकी खोडच आवडली. काकतीला एका लग्नात कॅम्पात राहणारे एक पेन्शनर आले होते. गाण्यातले जाणकार म्हणून त्यांना पुढे बसवायची पद्धत होती. आम्ही अडखळलो तिथे त्यांनी डोळे मिटले, आणि गाणं संपल्यावर त्या थांबण्यात केवढं गूढ आहे यावर मंडळींना बराच वेळ सांगितलं. नवरदेव ताटकळला. मग त्यांनी आमच्या गुरूचं नाव विचारलं. तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, गुरू न्हाय, माग हाय. ते आणखीच गहिवरले.

त्यानंतर आम्हाला त्या थांबण्यासाठीच बोलावणी येऊ लागली. खानापूरला आम्ही ठरवून गाण्यात एका नव्या शब्दावर थांबायला गेलो, तर दोघेही थांबलो आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्या दिवशी सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या.

मग एक नाटक कंपनी बेळगावात मुक्कामाला आली. बोलपटांनी कंपन्यांचे चांगले गवई पळवले होते, एरवी मालक आमच्या गल्लीत कशाला येतील? त्यांनी आमचं गाणं ऐकलं आणि त्याला एकट्याला बाजूला नेलं. गोसाव्याचं काम होतं. रंगमंचावर यायचं, एक पद म्हणायचं आणि जायचं. पेटीवाल्याने चाल दिली, आणि कंपनीचा पुढचा मुक्काम निपाणीला, तिथे रविवारच्या दुपारच्या खेळात त्याला उभं करून बघायचं ठरलं. पसंत पडला तर कायमचा कंपनीबरोबर, गावोगाव.

माझ्याबद्दल मालक काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. त्याचं भलं व्हावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि ते होऊ नये असंही तितकंच मनापासून वाटत होतं. तो गेला असता तर मी त्या सोप्यात अर्धं गाणं घेऊन बसलो असतो, आणि अर्ध्या गाण्याला काकतीतसुद्धा कोण बोलावतं?

त्याने ते पद पाठ केलं कुठे, तर मागावर. काम सोडून चालणार नव्हतं. मी शेजारच्या खड्ड्यात होतो, कान बंद करता येत नाहीत, मलाही ते पाठ झालं. दुसऱ्या अंतऱ्यात त्याचा धागा तुटला, मी ओळ उचलली, त्याने गाठ मारली. आमच्यापैकी एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

निपाणीला कंपनीचा तळ तंबाखूच्या एका रिकाम्या वखारीत पडला होता. वखार रिकामी होती, पण तंबाखूचा वास कुठला जातोय? अर्धे प्रेक्षक शिंकत होते. दारं-खिडक्या लावून भरदुपारी गॅसबत्त्या पेटवल्या होत्या. त्याला सोबत म्हणून गेलेला मी जमिनीवर, मागच्या रांगेत बसलो होतो.

तो भगव्या कफनीत आला आणि असा गायला की माझ्या शेजारचा माणूस शिंकायचा राहिला. दुसरा अंतरा आला. त्या शब्दावर तो थांबला.

तबला चालूच होता. पेटीवाला त्याच्याकडे बघू लागला. तो मात्र काहीच करत नव्हता, नुसता उभा होता. आता आजूबाजूच्या लोकांनी शिट्ट्या मारल्या असत्या. मी विचार केला असता तर गप्प बसलो असतो, पण तोवर माझ्या तोंडातून पुढची ओळ गेली होती, जमिनीवरून, तंबाखूच्या अंधारातून. दोन आवर्तनांनी तो सामील झाला.

लोकांनी वन्समोअर दिला.

खेळ संपल्यावर मालक खूश होते. रोज हेच करायचं, म्हणाले. त्याने वर थांबायचं, मी खाली प्रेक्षकांत बसून ओळ घ्यायची. मला पगार, दोन वेळचं जेवण आणि रोज जमिनीवरची फुकट जागा. मला तर स्वर्ग ठेंगणा झाला. वर असो की खाली, त्याच्याबरोबर जायला मिळत होतं. मी हो म्हणायला तोंड उघडलं, तोच तो म्हणाला, आम्हास्नी जमणार न्हाय. मला न विचारता. कफनी उतरवून त्याने घडी घालून ठेवली.

परतताना बैलगाडीत मी त्याच्याकडे पाठ करून बसलो. आयुष्यात एकदा कोल्हापूर-सांगली बघायला मिळाली असती, ती याने घालवली. शेवटी राहवेना, म्हणून विचारलंच, का रं?

त्याने बैलांकडे बघतच सांगितलं.

"वरनं खालचं काय दिसत न्हाय रं. नुसता उजेड डोळ्यांवर. तुझा आवाज आला, पण तू कुठं हाईस त्येच कळंना. लई भ्यालो मी."

मी त्याचं भिणं कधी पाहिलं नव्हतं. इतके दिवस मीच घाबरून होतो, तो मला टाकून जाईल म्हणून. मला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण आमच्यात तशी पद्धत नव्हती.

घरी सगळ्यांनी विचारलं, काय झालं? कंपनीचं जेवण सोसलं न्हाय, असं तो म्हणाला. मी म्हणालो, व्हय, लई तिखट. आम्ही तिथे जेवलोच नव्हतो.