टायपिंगबाबांच्या तांदळाच्या पिशव्या

डिचोलीला लॅपटॉप घ्यायला गेलेल्या माणसाच्या हातात टायपिंगबाब आधी तांदूळ द्यायचे. खायला नव्हे हो, उचलायला! दुकानात शिरल्या शिरल्या खुंटीला तीन कापडी पिशव्या दिसत. एकीत दीड किलो, दुसरीत दोन आणि तिसरीत तीन किलो उकडे तांदूळ, तोंडं शिवून टाकलेली. लॅपटॉप मागे काचेच्या कपाटात, कुलपात. "आदीं हें घे, खांद्याक लाय, बसस्टँडार वच आनी परत यो. मागीर उलोवया." बसस्टँडपर्यंत जाऊन आल्याशिवाय बोलणं नाही. दर वर्षी पिशव्यांत नवे तांदूळ भरत आणि जुने घरी पेजेला जात, असं त्यांची बायको हसत सांगायची.

गोवा घटक राज्य झालं, आता नव्या कचेऱ्या निघणार म्हणून पोरं टायपिंग शिकायला धावली, तेव्हा त्यांनी क्लास काढला होता. तेव्हापासून ते टायपिंगबाब. त्यांचं खरं नाव मला त्यांच्या निधनाच्या बातमीत कळलं. भाषेच्या वादात तुम्ही कुठल्या बाजूचे, असं कोणी विचारलं की म्हणत, "हांव उलयतां कोंकणी, टायप करतां मराठी, आनी रिबन तुटली काय गाळी दितां पोर्तुगेजींत." टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, आणि त्याच खोलीत लॅपटॉपचं दुकान लागलं. पण दुकानदाराला विकण्याची घाई असते म्हणतात, ती यांच्या अंगात नावालाही नव्हती.

मी इब्रामपूरची. आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला तेव्हा नार्व्याचा माझा मामा मला तिथं घेऊन गेला. माझ्या वडिलांनी त्या वर्षीच्या काजूचे सगळे पैसे माझ्या लॅपटॉपसाठी राखले होते आणि पाच वर्षांत दुसरा मिळणार नाही हे बजावलं होतं. चुकला तर तोच वापरायचा, नाहीतर रडायचं. आणि मला हवा होता सतरा इंची. प्रवेशाच्या दिवशी एका पणजीच्या मुलीकडे तो बघितला होता, आणि माझ्या डोळ्यांसमोरून तो हलेना. मामाही माझ्याच बाजूचा. "फणस घेताना आपण लहान बघून घेतो काय?" असं त्याने दुकानात मोठ्या आवाजात विचारलं.

टायपिंगबाबांनी सतरा इंचीच्या वजनाची, तीन किलोची पिशवी माझ्या खांद्याला लावली. मी तणतणत बसस्टँडवर गेले आणि आले. घाम पुसला, चेहरा हसरा केला.

"खांदो कितल्या वेळां बदललो?"

"एकदाही नाही."

"फटी मारता गो! चार वेळां. हांव दारांतल्यान पळयतालों." माझी थाप त्यांनी दारातूनच पकडली होती. मग मामाकडे वळून त्यांनी माझ्या बस विचारल्या. इब्रामपूर ते म्हापसा, म्हापसा ते पणजी, तिथून कॉलेज, आणि संध्याकाळी सगळं उलटं. मामा बोटं मोजत होता आणि मी रागाने जनेलातून बाहेर बघत होते.

मग कॅलेंडर. स्टुलावर बसवून समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली बारीक अक्षरं वाचायला लावत. "एकादशी केन्ना, सांग." ही परीक्षा त्यांच्या स्वतःच्या चुकीतून निघालेली. खाणीच्या कचेरीतला एक कारकून स्कूटरवरून हिंडायचा, म्हणून त्याला यांनी सगळ्यांत हलका, सगळ्यांत लहान लॅपटॉप गळ्यात मारला होता. आठ दिवसांत तो बिचारा आला. आकडे दिसेनात म्हणून नाक पडद्याला टेकवून मान धरलेली! टायपिंगबाबांनी मुकाट्याने लॅपटॉप परत घेतला आणि त्याच दिवशी भिंतीवर कॅलेंडरसाठी खिळा ठोकला. मी मात्र एकादशी, संकष्टी, वर सूर्योदयाची वेळसुद्धा धडाधड वाचून दाखवली. शहाणपणा नडला. "दोळे बरे आसात. ल्हान पडदो चलतलो," ते म्हणाले.

"तूं हाचेर कितें करतलें?" हा त्यांचा शेवटचा प्रश्न. घरांचे नकाशे, मी म्हटलं. नुसते नकाशे, की घर उभं करून सगळ्या बाजूंनी फिरवून बघणार? फिरवून बघणार. तेव्हा पहिल्यांदा त्यांची मुद्रा गंभीर झाली. त्यांच्याकडे सगळ्या गोष्टी स्वयंपाकघराच्या भाषेत समजावल्या जात. प्रोसेसर म्हणजे चूल, रॅम म्हणजे ओटा, हार्ड डिस्क म्हणजे माळा. "चूल दणदणीत आणि ओटा वीतभर, मग भाकरी थापणार कुठे?" असं ते मामाला मराठीतून विचारत होते, जणू मामाच शिकायला निघाला होता. घर फिरवायचं तर ग्राफिक्स कार्ड वेगळं पाहिजे, ओटा मोठा पाहिजे. गावात वीज कितीदा जाते तेही विचारलं आणि बॅटरी बघितली. मग कपाट उघडून चौदा इंची एक काळा, दिसायला अगदीच सामान्य लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. दोन किलोचा.

मी रडले. अठरा वर्षांची घोडी, भर दुकानात रडले. टायपिंगबाब आत गेले आणि क्लासमधला जुना मोठा मॉनिटर उचलून घेऊन आले. "हो घरांत मेजार दवर. घरा व्हडलो, बसींत ल्हान." त्याचे पैसे घेतले नाहीत. कॉलेज संपल्यावर परत आण, इतकंच सांगितलं.

पाच वर्षं मी तो लॅपटॉप मांडीवर घेऊन म्हापशाच्या बसमध्ये नकाशे काढले. पणजीच्या मुलीचा सतरा इंची दुसऱ्या महिन्यापासून घरीच राहायला लागला आणि ती माझ्या शेजारी येऊन बसायला लागली. मला त्या म्हाताऱ्याचं इतकं कौतुक वाटायचं, पण मॉनिटर परत करायला गेले तेव्हा मी फक्त "बरा चालला" म्हटलं. माझा स्वभावच तसला.

नंतर बऱ्याच वर्षांनी मामाचा फोन आला. टायपिंगबाबांना पक्षाघात झाला होता, उजवी बाजू गेली होती, दुकान बंद. मस्कतला त्यांच्या मुलीला मुलगी झाली होती आणि तिला बघायला त्यांना लॅपटॉप हवा होता. आयुष्यभर दुसऱ्यांना निवडून दिले, स्वतःचा एकही नव्हता! "तूच निवड म्हणतात," मामा म्हणाला. मी सगळ्यांत पातळ, एका हाताने उचलता येईल असा दाखवायला घेऊन गेले. ते उशांना टेकून बसले होते. मी मुद्दाम त्यांच्याच थाटात विचारलं, "एकादशी केन्ना, सांगा."

"कॅलेंडर खंय आसा, तें सांग आदीं," ते म्हणाले. वाकड्या तोंडाने हसले. "सतरा इंची हाड."

"सतरा इंची आणायचा? जड असतो, बाब."

"माका आतां तो खंय व्हरपाचो आसा गो?"

कुठेच न्यायचा नव्हता त्यांना. मी उठून पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेले.

पुढच्या रविवारी बसस्टँडवरून तो सतरा इंची धोंडा खांद्याला लावून मी त्यांच्या घरी गेले. दारात पाय ठेवते तोच आतून आवाज, "खांदो कितल्या वेळां बदललो?"

"एकदाही नाही."

"फटी मारता!"

पाच वेळा बदलला होता. पलंगासमोर मेज ओढून मी लॅपटॉप लावला, मस्कतला जोडून दिला. पडद्यावर मुलगी आली, आणि तिच्या कुशीतल्या बाळाचं दुपट्यातून चांगलं परातीएवढं तोंड दिसलं. टायपिंगबाबांनी मान पुढे काढली. मग बाळाचं वजन विचारलं.

"जन्मली तेव्हा तीन किलो होती, बाबा."

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. दुकानातल्या पिशव्या आता दाराआडच्या खुंटीला होत्या. "ती तीन किलांची हाड," ते म्हणाले. मी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी डावा हात तिच्याभोवती टाकला. तेवढ्यात पडद्यावर बाळ रडायला लागलं, आणि टायपिंगबाब पिशवी थोपटायला लागले.