कांजीवरची बारीक अक्षरं

मुलीच्या शाळेतल्या नाचाच्या कार्यक्रमाला मी काळा सूट आणि काळा टाय घालून, हातात पांढऱ्या शेवंतीची जुडी घेऊन गेलो. कोणीतरी वारलंय अशी माझी समजूत होती.

ही समजूत कशी झाली ते सांगतो, म्हणजे मी दिसतो तेवढा बावळट नाही हे पटेल. बायकोला ते अजून पटलेलं नाही.

कंपनीने आम्हाला टोकियोला पाठवलं त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. घर निशी-कसाईला. ऑफिसात इंग्रजीवर भागायचं आणि टीममध्ये तिघे पुण्याचे, त्यामुळे माझं जपानी नमस्कार-चमत्काराच्या पुढे सरकलं नाही. मुलगी मात्र जपानी हायस्कूलमध्ये, दुसऱ्या वर्षाला. आम्ही मराठीत विचारायचो, ती जपानीत उत्तर द्यायची, आणि बायको मधे बसून मला अर्थ सांगायची.

बोलायला लेक पटाईत, पण वाचताना कांजीपाशी अडायची. कांजी म्हणजे कपड्यांना घालतात ती नव्हे, चित्रासारखी दिसणारी अवघड अक्षरं. लहान मुलांच्या पुस्तकांत त्यांच्या डोक्यावर बारीक, सोप्या अक्षरांत उच्चार छापलेला असतो. हायस्कूलच्या पुस्तकांत तो नसतो. मग शेजारी बसणारी मैत्रीण तो पेन्सिलीने लिहून द्यायची. आमची लेक उभी राहून वरची बारीक ओळ घडाघडा वाचून दाखवायची आणि तास संपला की खोडरबराने सगळं पुसून टाकायची. खालच्या कांजीकडे तिने कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी वर्गशिक्षिकेने हे पकडलं. पुन्हा दिसलं तर दोघींच्या जागा बदलीन, अशी ताकीद दिली. ही मैत्रीण म्हणजे लेकीला शाळेत मिळालेली एकुलती एक. त्याआधी सहा महिने तिने डबा एकटीनेच खाल्ला होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं. तेव्हा शेजारची ती जागा सांभाळायची, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्यासकट.

तो शनिवार होता. मुलगी सकाळी सातलाच शाळेत गेलेली, बायको डब्यांच्या दुकानात अर्धवेळ कामाला. फ्रिजवर चुंबकाखाली शाळेची सूचना दिसली. मलाही फक्त बारीक अक्षरंच वाचता येतात, आणि ती नेमकी वर लिहिलेली होती. दुपारी दोन वाजता, शाळेच्या हॉलमध्ये, पालकांनीही यावं. कशाला यावं? तर ‘कासो ताइकाइ’ला. ताइकाइ म्हणजे मोठा मेळावा, हे ऑफिसच्या क्रीडास्पर्धांमुळे माहीत होतं. कासो खिशातल्या इलेक्ट्रॉनिक शब्दकोशात टाकला. पहिला अर्थ आला, प्रेतदहन. खाली आणखी तीन अर्थ होते, पण त्यासाठी बाण दाबावा लागायचा.

मी तो दाबला नाही. शोकसभा असणार, हे मी ठरवून टाकलं. मुख्याध्यापक मार्चमध्ये खोकताना पाहिले होते, ते मला लगेच आठवलं. वाईट वाटलं. सूचना खिशात घातली आणि स्टेशनपाशी शेवंती घेतली, इथे अंत्यविधीला तीच नेतात.

हॉलचं दार उघडलं तर आत पांढरे झगे घातलेली मुलं रांगेत उभी, प्रत्येकाच्या कपाळावर कागदी त्रिकोण. इथे पूर्वी प्रेताला असं सजवत, हे मी ऐकून होतो. त्यामुळे पहिलं अर्धं मिनिट मला सगळं अगदी बरोबर वाटलं. मी कमरेत वाकलो आणि तसाच राहिलो. तेवढ्यात संगीत सुरू झालं आणि प्रेतं नाचू लागली. मधोमध जुन्या छत्रीचं भूत झालेले मुख्याध्यापक.

कासोचा दुसरा अर्थ सोंग. सोंगं घेऊन नाचायचं, आणि त्या वर्षीचा विषय होता भुतं. मुलांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. भुतांच्या मेळाव्यात अंत्यविधीवाला कोणालाच सुचला नव्हता.

वर्गशिक्षिका हसत आल्या. कशाचं सोंग म्हणून त्यांनी इंग्रजीत विचारल्यावर मी खरं सांगून टाकलं. त्यांचा विश्वास बसेना. मग पुरावा म्हणून खिशातली सूचना काढून मी तो शब्द बोटाने दाखवला. त्या हसता हसता थांबल्या. एकेका कांजीवर पेन्सिलीने लिहिलेलं होतं. माझं बोट अजून तिथेच होतं.

“ओतोसान,” त्या मला म्हणाल्या, म्हणजे ‘बाबा’, इथे शिक्षक पालकांना तसंच म्हणतात, “हे अक्षर तुमच्या मुलीचं नाही.”

पांढऱ्या झग्यातली लेक शेजारी येऊन उभी राहिली होती. कित्येक महिन्यांनी ती माझ्याशी मराठीत बोलली.

“बाबा, ते पुसायचं राहिलं होतं.”

मागोमाग मैत्रीण आली आणि अक्षर माझंच म्हणून तिने मान खाली घातली. मी शेवंती या हातातून त्या हातात घेतली. बाईंनी कागदाची घडी करून मला परत दिली. सोमवारपासून उच्चार लेकीने स्वतः शब्दकोशात शोधून लिहायचा, असं त्यांनी सांगितलं. आणि तो कांजीच्या वर नाही, खाली. आधी कांजी वाचायची, अडलं तरच खाली बघायचं. मैत्रिणीने फक्त तपासायचं, म्हणजे ती शेजारी बसायला हवीच. शेवंती त्यांनी मागून घेतली आणि स्टेजवर ठेवली.

दोघी पुन्हा नाचात गेल्या. त्यांच्या जागा वर्ष संपेपर्यंत बदलल्या नाहीत, पण त्या दिवशी घरी येताना पूर्ण वाट लेकीने मला दहा पावलं मागे ठेवलं.

संध्याकाळी बायको कामावरून आली. मी टाय सोडत सगळं सांगितलं. तिने शब्दकोश घेतला, बाण दाबला, दुसरा अर्थ वाचला आणि तो माझ्यासमोर ठेवला.

“बाईंनी खाली लिहायला सांगितलं ते बरं झालं,” ती म्हणाली. “बापलेक दोघांनाही वरवर वाचायचीच सवय.”