जीपची चावी आणि अकोल्याचे डॉक्टर

“आबा, आजपासून गाडी चालवायची नाही,” अकोल्याचे डॉक्टर म्हणाले. मी त्यांच्याकडे नाही, माझ्या मुलाकडे, वसंताकडे पाहिलं. तो खाली मान घालून बसला होता. म्हटलं, या दोघांचं आधीच ठरलेलं दिसतं.

रोगाचं नाव सांगितलं डिमेन्शिया. म्हणजे उतारवयात मेंदू हळूहळू थकतो, आठवण आणि अंदाज चुकू लागतात. बहात्तरच्या दुष्काळानंतर मी हौसेनं जुनी जीप घेतली होती आणि वसंताचा तिच्यावर डोळा होता. बापाला वेडा ठरवलं की काम सोपं!

निमित्त काय, तर मंगरूळपीरहून आसेगावला घरी येताना एकदा मी इंझोरीला जाऊन पोचलो. फाटा चुकणं हा रोग असेल, तर अर्धा मुलूख दवाखान्यात भरती करावा लागेल.

डॉक्टरांनी महिने उलटे म्हणायला लावले. फाल्गुन, माघ, पौष म्हणून झाल्यावर मी विचारलं, “अधिक मास धरायचा का?” ते हसले आणि काहीतरी लिहून घेतलं. ते हसणं मला आवडलं नाही. पौषाच्या मागचा महिना मात्र काही केल्या आठवेना. मग घड्याळ काढायला सांगितलं. माझे सगळे आकडे एकाच बाजूला गोळा झाले. कागदच लहान दिला होता.

नंतर मला बाहेर बाकावर बसवून वसंताला एकट्याला आत बोलावलं. तेव्हा तर माझी खात्रीच पटली. मी दार ढकलून आत गेलो.

“कागदावर गाडी चालते का? मैदानात पाहा मले!”

डॉक्टर तयार झाले. दवाखान्यामागच्या मोकळ्या मैदानात, आम्ही आलो होतो त्याच जीपमध्ये, ते माझ्या शेजारी बसले, वसंता मागे. गिअर कसे झकास पडत होते. तेवढ्यात समोर बकरी आली. मी स्टीअरिंग दोन्ही हातांनी छातीशी ओढलं आणि ओरडलो, “हो, हो रे राजा!” उभा जन्म मी बैलगाडी अशीच थांबवली होती, कासरा ओढून आणि बैलाला हाक देऊन. पाय ब्रेककडे गेलाच नाही. डॉक्टरांनी हँडब्रेक खेचला म्हणून बकरी वाचली.

“हे बकरी तूनंच सोडली!” मी वसंतावर खेकसलो.

“बाबा, बकरीच्या जागी आपली सुशी असती तं?”

सुशी माझी नात. रोज माझ्याच शेजारी बसून शाळेत जायची. चावी मीच काढून त्याच्या हातात दिली. तरी मनातून शंका पुरती गेली नव्हती, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी वसंता जीप घेऊन बाजाराला निघाला, तर माझी बायको टुणकन चढून पुढे बसली. वर्षभर गुडघ्यांचं कारण सांगून ती जीपला हात लावत नव्हती.

“गुडघे बरे झाले काय?” मी विचारलं.

“गुडघ्याले काय झालं? मले तुमच्या गाडी चालवन्याचं भेव वाटे. सांगतलं असतं तं तुमी मलेबी वसंताच्या बाजूची म्हटलं असतं.”

म्हटलंच असतं. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही, निदान जोवर आठवतंय तोवर. तुमच्यावर ही वेळ आली, तर पोराशी भांडण्याआधी एकदा पाहून घ्या, तुमच्या गाडीत बसायचं घरातलं कोण टाळतंय ते.

मी गुपचूप मागे जाऊन बसलो.