गिटारला शोभेल असा माईक

डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या अंगाला असलेल्या ज्या गावात तुळसा नांदायला आली, तिथे लग्न ठरलं की भटजीच्या आधी तिला बोलावणं जायचं. धवला, म्हणजे लग्नविधीचं पारंपरिक गाणं, गाणारी बाई मांडवात येऊन बसल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागत नसे, आणि धवला गावा तर तुळसानेच, असं सगळे मानायचे. तिचं माहेर ठाण्याच्या कोपरीतलं, मिठागरात राबणारं. उन्हात मीठ ओढताना बाया एकमेकींना ऐकू जावं म्हणून मोठ्याने गायच्या, त्यांच्यात तिचा गळा तयार झालेला. पेटी नाही, माईक नाही. ती बसल्या जागेवरून सूर लावायची आणि चार घरं सोडून भांडी घासणाऱ्या बाईचा हात थांबायचा.

गळा मोठा होता, मन तेवढं नव्हतं. तिच्या जोडीला बायजा नावाची बाई गायला बसायची. एका हळदीला बायजा एक ओळ विसरली. तुळसाने गाणं थांबवलं, सगळ्या बायकांदेखत तिच्या हातातलं हळदीचं ताट काढून घेतलं आणि तिला भांड्यांवर जाऊन बसायला सांगितलं. बायजा परत कुठल्याच मांडवात गायली नाही. सून निशा घरात आली तेव्हा भाकऱ्या थापताना गुणगुणायची. तुळसाने पाहुण्यांसमोर तिच्या आवाजाला रिकामा डबा म्हटलं. मग निशाने तोंड उघडलं की "डबा वाजला गो" असं ती हटकून म्हणायची. वर्षभरात निशाचं गुणगुणणं बंद झालं. तुळसाला ते जाणवलंसुद्धा नाही.

पुढे शेतं गेली, त्यांच्यावर बिल्डिंगी उभ्या राहिल्या. नवरा राघो स्वतःच्याच जागेवर चार मजले चढवून वारला. हळदीला डीजे येऊ लागला आणि तुळसाला लोक जेवणाचं आमंत्रण तेवढं द्यायला लागले. ती जायची, खुर्चीत बसायची, त्या दणदणाटात कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने ओठ हलवायची आणि न जेवता परत यायची.

मुलगा प्रफुल्ल खालच्या मजल्यांच्या भाड्यावर जगत होता. त्याला काम असं नव्हतं, गिटार होती. कॉलेजात असताना शिकलेला, हात बरा होता, पण त्याच्या वाजवण्याकडे कधी कोणी मान वळवून पाहिलं नव्हतं. मोबाईलवर टाकलेले त्याचे व्हिडिओ त्याचे मित्रच बघायचे, तेही अर्धे. एकदा सकाळी आई देवापाशी बसून धवल्याच्या दोन ओळी म्हणत होती, त्याने सहज त्यावर गिटार धरली आणि मोबाईल चालू केला. तो तुकडा हजारो लोकांनी पाहिला. सगळ्यांनी म्हातारीच्या आवाजाचं कौतुक केलं. एकाने लिहिलं की साऊंड फार खराब आहे, गिटार तर पत्र्यावर वाजवल्यासारखी येते. प्रफुल्लच्या मनात बाकीचं कौतुक राहिलं नाही, ती एवढीच गोष्ट राहिली.

घरात नीट रेकॉर्डिंग करायचं ठरलं. तुळसा लगेच तयार झाली. तिला वाटलं, आता त्या डीजेवाल्यांना कळेल.

ठाण्याला खोपटच्या डेपोमागे प्रफुल्लच्या कॉलेजातल्या मित्राचा, हितेशचा, छोटा स्टुडिओ होता. तो दोन माईक घेऊन घरी आला. एक डायनॅमिक, जाड जाळीचा, स्टेजवर गाणारे तोंडाला लावतात तसा. दुसरा कंडेन्सर, स्प्रिंगांच्या चौकटीत अडकवलेला, नाजूक. हितेशने सांगितलं की पहिला फक्त तोंडासमोरचं ऐकतो, मागे पंखा चालला, रस्त्यावरून रिक्षा गेली तरी फारसं बिघडत नाही. दुसऱ्याला मुंगी चाललेलीसुद्धा ऐकू येते. स्टुडिओत तो लाखमोलाचा, पण घराच्या साध्या खोलीत त्याला सांभाळणं कठीण.

दोन्हींवर थोडं थोडं रेकॉर्ड केलं आणि हितेशने हेडफोन आधी तुळसाच्या कानाला लावला. पहिल्या माईकमध्ये तिला तिचाच आवाज ऐकू आला, मांडवातला, ओळखीचा. दुसऱ्यात एक म्हातारी होती. तिचा श्वास घरघरत होता, कवळीतून स हे अक्षर शिटी मारत होतं, दोन ओळींच्या मधे थुंकी गिळल्याचं ऐकू येत होतं. तुळसाने हेडफोन काढून ठेवला.

"ह्यो पयला बरा," ती म्हणाली. "ह्यो मानसावानी आयकतो."

मग प्रफुल्लने ऐकलं. पहिल्या माईकमध्ये त्याची गिटार गोणपाटात बांधल्यासारखी बसकी वाटत होती. दुसऱ्यात प्रत्येक तार वेगळी झाली होती, बोट सरकल्याची खरखरसुद्धा देखणी वाटत होती. आपण इतकं चांगलं वाजवतो हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं. हितेश म्हणाला, अरे, आईंसाठी डायनॅमिक ठेव, गिटार वेगळी रेकॉर्ड कर कंडेन्सरवर, नंतर जोडू. प्रफुल्लला ते पटलं नाही. दोघं एकत्र बसूनच मजा येते, म्हणाला. त्याने कंडेन्सर घेतला.

तुळसाने विचारलं, मी सांगितला तो नाय घेतलास का? तो म्हणाला, "आये, तुझा आवाज कशातही चांगलाच येतो गं. गिटारला शोभेल असा माईक पायजे."

एप्रिल संपत आला होता. शेजारी इमारतीचं काम चालू होतं, तिथले मजूर दुपारी जेवायला बसले की तेवढा वेळ शांतता असायची, म्हणून रेकॉर्डिंगची वेळ दुपारची ठरली. खिडक्या लावून त्यांना गाद्या टेकवल्या. भिंतींवर गोधड्या टांगल्या. एसीची घरघर येते म्हणून एसी बंद, पंख्याचा वारा माईकवर येतो म्हणून पंखा बंद. बाहेरच्या खोलीतला फ्रिजसुद्धा निशाने पिन काढून बंद केला.

तरी माईकला काहीतरी ऐकू यायचंच. हातातल्या पाटल्या वाजतात म्हणून त्या काढायला लावल्या. त्या राघोने घातल्यापासून उतरल्या नव्हत्या, साबण लावून ओढाव्या लागल्या. नऊवारी सळसळते म्हणून निशाचा जुना गाऊन घालायला दिला. उभ्या आयुष्यात तुळसाने गाऊन घातला नव्हता, ती खुर्चीत गुडघ्यांवर हात दाबून बसली. मग कवळीची शिटी. प्रफुल्लने वाटी पुढे केली, तिने पाठ वळवून कवळी काढून दिली. बोळक्या तोंडाने शब्द फसफसले तेव्हा तो म्हणाला, हे चालेल, हे खरं वाटतं.

दारापाशी निशा उभी असायची. दोन टेकच्या मधे पंखा लावायचा आणि टेक सुरू होताना बंद करायचा, हे तिचं काम. मधला वेळ दिवसेंदिवस कमी होत गेला, कारण प्रफुल्लचीच बोटं चुकायची. त्याची तार चुकली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. तुळसाचा सूर एकदाही चुकला नव्हता. तिला ते सांगावंसं वाटायचं, पण मुलगा हेडफोन लावून बसलेला असायचा आणि हेडफोनमध्ये तो फक्त स्वतःची गिटार ऐकत असायचा.

त्या दिवशी गोधड्यांच्या आत भट्टी पेटल्यासारखं झालं होतं. गाऊन पाठीला चिकटला होता. तुळसाने पाणी मागितलं. प्रफुल्ल म्हणाला, हा एक टेक होऊ दे, पाणी प्यायलीस की तोंडात टचटच येतं. तो टेक त्याच्याच बोटांनी मोडला. पुढचाही मोडला. तुळसाने निशाकडे पाहिलं. निशाचा हात बटणापाशीच होता. तुळसाने डोळ्यांनीच पंख्याकडे खूण केली. निशाला खूण कळली, हे तुळसालाही कळलं. निशाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या दुकानात गर्दी असताना गिऱ्हाईकाला थांबायला सांगावं, तसं तिने सासूकडे पाहिलं आणि बटण दाबलं नाही.

पुढच्या टेकमध्ये तुळसा ओळ विसरली. हजार वेळा गायलेली ओळ. ती आठवायला गेली तर ओळीच्या जागी काहीच नव्हतं. प्रफुल्लने वाजवणं थांबवलं, वैतागून म्हणाला, "आये, काय हे? माझं आता बरोबर चाललेलं." तिला काहीतरी बोलायचं होतं. तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि ती खुर्चीतून उजव्या अंगावर घसरली.

दवाखान्यात डॉक्टरांनी मेंदूतला झटका सांगितला. अंगातलं पाणी फारच कमी झालंय, त्यानेही हे होऊ शकतं, म्हणाले. उन्हात कुठे गेल्या होत्या का? प्रफुल्ल म्हणाला, नाही, घरातच एसीत टीव्ही बघत बसलेली. निशा शेजारी उभी राहून सासूच्या अंगावरचा गाऊन सारखा करत होती. तुळसा स्ट्रेचरवरून ऐकत होती. तिला सगळं समजत होतं, आणि ते कोणाला कळत नव्हतं.

उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणं गेलं. घरी आणल्यावर ती आतल्या खोलीतल्या पलंगावर पडून असायची. पाणी हा शब्द तिच्या मनात स्वच्छ असायचा, ओठांशी आला की त्याचा नुसता आवाज व्हायचा, गुराच्या हंबरण्यासारखा. पहिले काही दिवस सगळे धावत यायचे. मग तिला असं ओरडायची सवय लागलीये असं घरात बोललं जाऊ लागलं.

एका सकाळी घसा कोरडा पडला होता, कोणी येत नव्हतं. तिने पाणी म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडातून धवला आला. पूर्ण ओळ, शब्दांसकट, सुरात. तिला स्वतःलाच भीती वाटली. प्रफुल्ल धावत आला, दारातच बसून रडला. डॉक्टर म्हणाले असं होतं, बोलण्याची आणि गाण्याची जागा डोक्यात वेगळी असते. गाऊ द्या, आणि गाता गाता त्यांना एकेक शब्द परत शिकवा, पाणी, जेवण, दुखतंय, असे. रोज बसावं लागेल.

यातलं गाऊ द्या एवढंच प्रफुल्लच्या लक्षात राहिलं. तो खोपटला जाऊन हितेशकडून तो पहिला, जाड जाळीचा माईक घेऊन आला. म्हणाला, आता ती हलते, पंखाही लागतो, हाच बरा. कंडेन्सर गिटारसाठी ठेवला. हितेशने सुरुवातीला सांगितलं होतं, अगदी तशीच मांडणी झाली. पंखा पूर्ण वेगात सुरू असायचा आणि तुळसाच्या ओठांना माईकची गार जाळी लागलेली असायची.

तिला आता बोलावण्याचा एवढाच मार्ग उरला होता. पाणी हवं असलं की ती गायची. कूस बदलायची असली, पाठ दुखली, लघवीला लागली, तरी तोच हळदीचा धवला. प्रफुल्लला त्यात गाणं ऐकू यायचं. निशाला मात्र फरक कळायला लागला. सावकाश गायली की पाणी, चढ्या सुरात घाईने गायली की बेडपॅन. निशा यायला निघाली की प्रफुल्ल हात वर करून तिला थांबवायचा, टेक संपू दे म्हणून.

एकदा तुळसा अशीच चढ्या सुरात गायला लागली. निशा बेडपॅन घेऊन दारात आली, प्रफुल्लने हात वर केला. तुळसा एक ओळ गायली, दुसरी गायली. कोणी येत नाही म्हणून तिने सूर आणखी चढवला. इतका वर तो तरुणपणीही गेला नव्हता. शेवटच्या ओळीला तिचा आवाज थरथरला आणि अंथरूण ओलं झालं. प्रफुल्लने तार हळूच दाबून वाजवणं संपवलं. हेडफोन काढताना त्याचे डोळे भरून आले होते.

"आये," तो म्हणाला, "असं तू कधीच गायली नव्हतीस."

ते गाणं सगळीकडे गेलं. दिवा स्टेशनपासून विठ्ठलवाडीपर्यंत हळदीच्या मांडवात डीजेवाले नाचगाणी सुरू करण्याआधी ते लावू लागले. शेवटच्या ओळीतल्या थरथरीला बायका पदराने डोळे पुसायच्या. लोकांनी प्रफुल्लला सत्काराला बोलावलं, गिटारचंही नाव घेतलं. खाली रस्त्यावरून वरात जाताना तुळसालाही ते गाणं ऐकू आलं. आपण तेव्हा काय मागत होतो ते तिला आठवत होतं.

त्यानंतर तिने गाणं बंद केलं. प्रफुल्ल सकाळी माईक तिच्या ओठांशी धरायचा, गिटारवर सुरुवातीचे सूर वाजवायचा. ती तोंड मिटून घ्यायची. त्याने लाडीगोडी लावली, रागावला, डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी विचारलं, शब्द शिकवायचं कुठवर आलं? त्याने फोन ठेवून दिला. काही दिवसांनी त्याने माईक गुंडाळून कपाटात टाकला आणि दुसरी कोणी गाणारी म्हातारी मिळते का ते गावागावांत विचारायला लागला.

गाणं थांबलं तसं तुळसाचं मागणंही थांबलं. तहान लागली तरी ती गप्प. अंथरूण ओलं झालं तरी गप्प. निशाला आता कळायला काहीच उरलं नाही. ती हातातलं काम टाकून अधूनमधून येते, चादरीखाली हात घालून बघते, चमच्याने पाणी सासूच्या ओठांना लावते. कधी तुळसा ते पिते. कधी दात नसलेलं तोंड घट्ट आवळून धरते आणि पाणी हनुवटीवरून गळ्याकडे ओघळतं. निशा ते पुसते, पंख्याचा वेग बघते आणि स्वयंपाकघरात परत जाते.