देवळीत राहिलेला कागद

आईचा जेवढा देवीवर विश्वास, तेवढाच माझा माझ्या डिग्रीवर होता. जानेफळकडच्या आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं, त्यामुळे तो अभिमान मला होता आणि मी तो लपवतही नसे. नागपूरला कॉलेजात जायला निघालो तेव्हा मलकापूर स्टेशनात गाडी हलता हलता आईने नवस बोलला होता, की पोरगा बी.ए. झाला तर तालुक्याच्या गावाजवळच्या टेकडीवरच्या देवीची ओटी भरीन आणि त्याला पाया पडायला आणीन. मी बी.ए. झालो, तहसील कचेरीत कारकून लागलो, आईला गावाहून माझ्याकडे घेऊन आलो. पण टेकडीवर जायचं म्हटल्यावर मी साफ नाही म्हणालो. रात्र रात्र अभ्यास मी केला, पास मी झालो, त्यात देवीचं काय? आई एवढंच म्हणाली, "बरं हाये. माह्या पायानं मी जाईन." त्यावर आमचा दोन दिवस अबोला.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. सोमवारी संध्याकाळी कचेरीत हवामान खात्याची तार आली. दोन दिवस सगळ्या प्रांतात तापलेले, कोरडे वारे जोरात सुटणार, आगीला जपावं. मीच ती मराठीत उतरवली आणि गावोगाव दवंडीसाठी कोतवाल धाडले. धुरे, म्हणजे शेताचे बांध, पेटवू नका, उघड्यावर चूल मांडू नका. साऱ्या तालुक्याला सांगितलं आणि घरी आईला सांगितलं नाही. मंगळवारी सकाळी ती खण-नारळ घेऊन शेजारच्या दोघी बायांबरोबर निघाली. "आज नको जाऊ" एवढंच म्हणायचं होतं. मी आरशात बघत दाढी करत राहिलो. हे लिहितानाही मला लाज वाटते.

दुपारी कचेरीच्या ओसरीतून टेकडीच्या अंगाला धूर दिसला. टेकडीखालच्या वस्तीत दवंडी पोचायच्या आधीच पहाटे कुणीतरी बांधाचं गवत पेटवलं होतं, आणि विझलं म्हणून सोडलेला तो जाळ दुपारच्या वाऱ्याने पुन्हा उठून टेकडी चढत होता. तहसीलदारसाहेबांनी हाताशी होती तेवढी माणसं पिटाळली. पाण्याची पिंपं गाड्यांवर चढली, जंगल खात्याचे गार्ड आले. मी सायकल दामटत पुढे गेलो. वस्तीतले बाप्ये कडुनिंबाच्या ओल्या फांद्यांनी आग झोडपत होते, बाया छपरांवर पाणी मारत होत्या. वस्ती वाचत होती, पण टेकडीची पाऊलवाट पेटली होती. मी तशीच फांदी उचलून आत घुसलो, तर एका गार्डाने मागून कॉलर धरली. "मरतं काय बे? थांब, आग वर सरकू दे!"

मी थांबलो. आयुष्यात पहिल्यांदा असा थांबलो, की पुढे काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. नवस बोलावा तर कोणत्या तोंडाने? श्लोक आठवेनात. कॉलेजात गेल्यापासून मी शुद्ध बोलायची सवय लावून घेतली होती, घरीसुद्धा. तीही गेली. तोंडातून आलं ते लहानपणचं बोलणं, "मले काही समजून नाही राह्यलं. आता तूच पाह्य." एवढंच. ना काही मागितलं, ना काही कबूल केलं. छातीतली धडधड थांबली नाही, पण तिच्याखाली कुठेतरी काहीतरी शांत झालं. का, ते मला सांगता येत नाही, आणि आता सांगावंसंही वाटत नाही.

आग वर निघून गेल्यावर आम्ही तापलेल्या राखेतून चढलो. देवळापुढचा गवती मांडव जळून गेला होता. आत कुणी नव्हतं. मी आईला हाका मारल्या. तेवढ्यात बकरीचं ओरडणं ऐकू आलं. देवळामागे काळ्या पडलेल्या माळात एक मोठा तुकडा जसाच्या तसा होता, गवताची काडी नसलेला, लेंड्यांनी भरलेला. त्याच्या मधोमध बकऱ्या दाटीने उभ्या, आणि त्यांच्यात ओल्या घोंगड्या पांघरून तिघी बाया बसलेल्या. आईच्या मांडीवर एक करडू होतं. मला पाहून ती म्हणाली, "आले का बी.ए.? नारळ फोडाचा राह्यला. आता तूच फोड."

मी तिथेच मटकन बसलो आणि रडलो.

कळपाचा म्हातारा मालक, बशीरमियां, दाढीची जळकी टोकं चाचपत म्हणाला, "माँजी मंदिर में छुपनेवाली थी, बाबू. मैं बोला, वहाँ नको. यहाँ जलने को बचा क्या है? सब तो बकरियाँ खा गई." बकऱ्यांना प्यायला भरून ठेवलेल्या डेऱ्यांत त्याने घोंगड्या बुचकळल्या होत्या.

ती जागा मी ओळखली. खत मिळावं म्हणून वस्तीवाल्यांनीच बकऱ्या तिथे बसवल्या होत्या. दहा दिवसांपूर्वी कामानिमित्त तिकडून जाताना मी ते पाहिलं, देवस्थानाजवळ ही घाण म्हणून चिडलो, आणि कळप चार दिवसांत हलवावा असा हुकूम लिहून साहेबांची सही घेतली. मग कळप अजून इथे कसा?

तेवढ्यात वस्तीचे पाटील धापा टाकत वर आले. जाळात घर गेलं तर सरकारी कागद जायला नको म्हणून त्यांनी तो कमरेला खोचला होता. "बाबूसाहेब, बरं झालं भेटले. हा कागद आला, पण विंग्रजीत हाये. मास्तर सुट्टीत घरी गेले. सरकारी कागद, म्हणून देवळीत देवापाशी ठेवला. वाचा बरं, काय म्हणते सरकार?"

पाटलांना कागद मराठीतच जात. हा एकच मी इंग्रजीत लिहिला होता, ऐटीसाठी. त्यावर हळदकुंकू वाहिलेलं होतं. मी तो वाचून दाखवला, मराठीत, सगळ्यांसमोर, आणि लिहिणारा मीच हेही सांगितलं. मग बशीरमियांनी विचारलं, "तो अब जाऊँ क्या, बाबू?" आणि आई जी हसायला लागली ती थांबेचना. "तुह्यं विंग्रजी देवीले बरं कामी आलं रे!"

मी नारळ फोडला. पहिलं खोबरं बशीरमियांना दिलं.

याला चमत्कार म्हणावं असा माझा आग्रह नाही. शिकल्याचा अभिमान अजूनही आहे, तो असावा. पण मी केलेल्या शहाणपणाने त्या दिवशी माझी आई गेली असती, आणि मिरवण्याच्या खोडीतून ती वाचली. कशातून काय निघेल, ते ठरवणारा मी नाही. हे कळल्यापासून डोक्यावरचं एक ओझं उतरलं आहे. आई आता नाही. दर चैत्रात टेकडीवर जातो, ओटी ठेवतो, आणि काही मागत नाही. तेच जुनं वाक्य म्हणतो, तिच्याच बोलीत, आणि हलक्या पायांनी खाली उतरतो.