दौलतची सोळा पावलं

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, पोरांपाशी नाही. का बोललो नाही? भीती म्हणा. खरं तर भीतीपेक्षाही, माझ्याबद्दल लोकांचं जे चांगलं मत आहे ते मला फार आवडायचं.

मी वडनेरचा. तरुणपणी धावायचो, आणि बरा धावायचो. पन्नास साल उलटून पाच-सात वर्षं झाली होती. परदेशातले धावपटू दौऱ्यावर आले होते, नागपूरला त्यांच्याशी आमच्या प्रांताची स्पर्धा ठरली. चार गुणिले शंभरच्या रिलेत वर्धा जिल्ह्यातले आम्ही दोघं. तिसरा मी आणि शेवटचा दौलत, हिंगणीचा. बॅटन माझ्या हातून त्याच्या हातात जायची.

दौलत आदल्याच वर्षी दीक्षा घेऊन बौद्ध झाला होता. हे इथं सांगायची गरज काय? आहे. माझ्या डोक्यात ते सतत होतं. निघताना काका म्हणाले होते, "त्याच्यावर नजर ठेवजो." कशासाठी, ते मी विचारलं नाही. नजर मात्र ठेवली. तो आमचा सराव घेणाऱ्या मास्तरांशी बोलला की मला वाटायचं, माझ्याबद्दलच बोलतोय. तो हसला की वाटायचं, मलाच हसतोय. संशयाला काय, पोसला की वाढतो.

त्यात स्पर्धेच्या दोन दिवस आधी माझी मांडी भरून आली. मी कुणाला सांगितलं नाही. राखीव गडी टपूनच बसला होता.

आता एक गोष्ट समजावून सांगतो, नाहीतर माझं पाप तुम्हाला कळायचं नाही. शेवटचा गडी आपल्या जागेपासून मागं पावलं मोजतो आणि तिथं चुन्याची रेघ ओढतो. मागून येणारा त्या रेघेवर आला, की यानं मागं न बघता सुटायचं. दौलतची रेघ कायम अठरा पावलांवर असायची. त्या दुपारी त्यानं सोळाच मोजली.

मी लांबून पाहिलं. सोळा! म्हणजे हा उशिरा सुटणार, मी मागून त्याच्या अंगावर जाऊन आदळणार, बॅटन पडणार आणि बोल मला लागणार. हेच मनात आलं. दुसरं काही का आलं नाही? जाऊन विचारायला काय हरकत होती? "काऊन रे, दोन पावलं कमी काऊन?" एवढंच तर विचारायचं होतं.

त्याला छातीवर नंबर लावायला बोलावलं. मी माझ्या जागेकडे जाता जाता ती रेघ पायानं पुसली आणि नवी ओढली. अठरावर नाही — वीसवर. अठरावर ओढली असती तर निदान नेहमी असायची तिथं ठेवली असं म्हणता आलं असतं. मला त्याची खोड मोडायची होती. तो परत आला तेव्हा पंच सगळ्यांना जागेवर उभं करत होते. पुन्हा मोजायला वेळच नव्हता.

मी रेघेवर आलो, दौलत सुटला. मांडीत कळ आली. त्याचा मागं धरलेला हात दिसत होता आणि लांब जात होता. बॅटन द्यायची हद्द संपली, बॅटन माझ्याच हातात. आम्ही बाद झालो.

शिव्या त्याला बसल्या. आधीच पळाला, चमकायची घाई झाली होती, असं म्हणाले. आणखीही म्हणाले, त्याच्या जातीवरून. मी तिथंच उभा होतो. धावतो चांगला म्हणून त्याला पोलिसात नोकरीला घ्यायचं बोलणं चाललं होतं, ते तिथंच संपलं. पुढं तो जंगलात लाकडं तोडायच्या कामाला लागला.

परतीच्या गाडीत तो माझ्या शेजारी बसला आणि हळूच म्हणाला, "तुह्या मांडीले त्रास होऊन राह्यला होता, मले दिसलं होतं. म्हून मी दोन पावलं कमी केलती. अजून कमी कराले पाह्यजे होती. माही चूक झाली."

त्याला माझा पाय दिसला होता. त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यानंतर वर्षानुवर्षं, बाजारात म्हणा, लग्नात म्हणा, भेटला की तो तेच काढायचा. शेवटी आजारी होता तेव्हा हिंगणीला गेलो. त्याच्या घरी चहा प्यायलो. माझा हात धरून म्हणाला, "तुह्या हातची शर्यत मी घालवली रे. मनात ठेवू नको."

मी म्हणालो, "जाऊ दे, दौलत. मी कधीच माफ केलं तुले."